रूट आईच्या कपाटात आहे

ई-आधारची पीडीएफ संगणकावर उघडली की सहीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि शेजारी ‘व्हॅलिडिटी अननोन’ असे शब्द. काउंटरवरचा माणूस अशी प्रिंट बघून कपाळाला आठ्या घालतो आणि परत पाठवतो. सरकारी कचेऱ्यांच्या आसपास जी ऑनलाइन सेंटरं असतात, जळगावात काय आणि धुळ्यात काय, तिथल्या पोरांना यावरचा इलाज तोंडपाठ आहे. प्रश्नचिन्हावर क्लिक, सहीची माहिती, ‘शो सर्टिफिकेट’, साखळीतलं नाव निवडायचं, ‘ट्रस्ट’चा टॅब, ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड’, दोन-तीनदा ओके. प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी बरोबरची खूण येते. प्रिंट निघते, गिऱ्हाईक खूश, पुढचा नंबर.

या सगळ्यात पीडीएफमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं. बदलतो तो सेंटरवरचा संगणक. ‘या सहीच्या मुळाशी जो आहे त्याच्यावर माझा विश्वास आहे’, एवढं त्याने आपल्या वहीत टिपून घेतलेलं असतं. त्यामुळे कागदावर छापलेली ती हिरवी खूण खरं तर आधारबद्दल काहीच सांगत नाही, सेंटरवाल्याच्या संगणकाबद्दल सांगते. मी माझ्या संगणकावर वाटेल त्या कागदाला तशीच खूण आणून दाखवू शकतो. पडताळायचंच असेल तर मूळ फाइल आपल्या यंत्रावर उघडून पाहायला हवी. पण ते कोण करतं! खूण छापलेली आहे ना, मग झालं.

प्रश्नचिन्ह येतं कशामुळे? माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि त्याखाली ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज’, म्हणजे सीसीए, हे पद निर्माण झालं. डिजिटल सह्यांच्या बाबतीत देशातला हा सगळ्यात वरचा माणूस. त्याचं जे मूळ सर्टिफिकेट, ज्याला ‘रूट’ म्हणतात, त्यावर त्याचीच सही असते, कारण त्याच्या वर सही करायला कुणी नाही. त्याच्या खाली परवानाधारक संस्था येतात: एनआयसी, ई-मुद्रा, एन-कोड, सी-डॅक वगैरे. आणि त्यांच्या खाली तलाठ्याच्या, सीएच्या, कंत्राटदाराच्या हातातलं ते यूएसबी टोकन. अ‍ॅडोबी, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल, मोझिला, गूगल या प्रत्येकाकडे मात्र स्वतःची, आपण कुणाकुणाचं रूट मानतो त्याची यादी असते. आपल्या सीसीएचं नाव त्या यादीत नसलं की सही शंभर टक्के खरी असूनही पिवळं प्रश्नचिन्ह येतं.

तेव्हा भारत सरकारने जे केलं, तेच अलीकडे हौशी मंडळी घरी करायला लागली आहेत. स्वतःचं रूट बनवायचं आणि मग घरोघरी, फोनोफोनी जाऊन सांगायचं की बाबांनो, यावर विश्वास ठेवा. बनवणं हे दुपारचं काम आहे. सांगणं आणि सांभाळणं हे मात्र वर्षानुवर्षांचं.

*

आमच्या जळगावच्या घरी जिन्याखाली एक मिनी पीसी, दोन हार्डडिस्क आणि एक रास्पबेरी पाय आहे. इमिचमध्ये घरचे फोटो, नेक्स्टक्लाउडमध्ये कागदपत्रं, जेलीफिनवर सिनेमे, गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि जाहिराती अडवणारं पाय-होल, असा त्याचा संसार. धुळ्याला देवपुरात मोठा भाऊ राहतो, त्याच्याकडे बॅकअपचं यंत्र. एरंडोल-पारोळ्यावरून जाणाऱ्या रस्त्याने नव्वदेक किलोमीटरवरची ही दोन घरं वायरगार्डच्या बोगद्याने जोडलेली आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की जिन्याखालचा पंखा असा घुमतो की वर झोपलेल्यांना ऐकू येतो. पण बाकी यंत्रणा गरीब गाईसारखी आहे.

अडचण होती ती लाल फुलीची. घरातल्या प्रत्येक सेवेचं पान उघडलं की ब्राउझर ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणून अख्खा पडदा अडवायचा. वहिनीने धुळ्याहून फोटो बघायला म्हणून पान उघडलं आणि फोन केला, “भाऊ, हाई लाल काय शे?” मी सगळ्यांसारखंच सांगू शकलो असतो की खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाब, मग ‘प्रोसीड’. गावोगावचे कॅमेरे बसवणारे, राउटर लावणारे हेच सांगतात. मला हा सल्ला विषासारखा वाटतो. ज्या माणसाला घरच्या फोटोंसाठी लाल पान ओलांडायची सवय लावली, तो बँकेचं लाल पानही त्याच अंगठ्याने ओलांडणार. ब्राउझरवाल्यांनी इतकी वर्षं घासून घासून तयार केलेली ती एकच भीती आपण घरी बसून बोथट करतो.

‘घरातल्या घरात कुलूप कशाला?’ असंही विचारणारे पुष्कळ. एक तर वाय-फायचा पासवर्ड आता पाहुण्यांपासून शेजारच्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतो, आणि त्याच वाय-फायवर कुठल्या कंपनीचे ते माहीत नसलेले बल्ब, प्लग आणि कॅमेरे बसलेले असतात. साध्या एचटीटीपीवर टाइप केलेला पासवर्ड यातलं कुणीही वाचू शकतं. दुसरं म्हणजे ब्राउझर आता सुरक्षित पान नसेल तर माइक, कॅमेरा, लोकेशन, फोनवर अ‍ॅपसारखं बसणं यातलं काही देतच नाही. घरच्या सर्व्हरलाही त्यामुळे सर्टिफिकेट लागतंच.

ते मिळवायचा सरळ रस्ता म्हणजे सार्वजनिक अथॉरिटी. पण तिच्याकडे जाऊन ‘फोटो डॉट लोकल’ किंवा ‘१९२.१६८...’ असल्या नावांचं सर्टिफिकेट मागितलं तर मिळत नाही. बरोबरच आहे, ते नाव देशातल्या प्रत्येक घरात असू शकतं, मग ते नेमकं तुमचंच हे कोण ठरवणार? पूर्वी अशी सर्टिफिकेटं विकली जात. १ नोव्हेंबर २०१५ नंतर चालतील अशी द्यायची नाहीत असा नियम झाला आणि जी शिल्लक होती ती १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द झाली.

मग उरतं स्वतःचं डोमेन विकत घेऊन लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट सर्टिफिकेट घेणं. आमच्यासारख्या ब्रॉडबँडवर बाहेरून थेट घरी पोचणारा पत्ता नसतो, शेकडो गिऱ्हाइकं एकाच पत्त्यामागे असतात. पण त्याचंही अडत नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये ठरावीक ओळ टाकून मालकी सिद्ध करता येते, सर्व्हर जगाला दिसायची गरज नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी उत्साहाच्या भरात उठेल. शंभरातल्या नव्वद घरांनी डोमेन घ्यावं आणि मोकळं व्हावं. त्यात एकच खोच आहे: सार्वजनिक अथॉरिटीने दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट जाहीर नोंदवहीत चढतं. तुमच्या ‘गेट-कॅमेरा’, ‘आई-खोली’, ‘बँक-कागद’ अशा सगळ्या यंत्रांची नावं जगातल्या कुणालाही शोधता येतात. नावं मुळमुळीत ठेवली किंवा सगळ्यांना मिळून एकच वाइल्डकार्ड घेतलं तर तेही टळतं.

तरीही स्वतःची अथॉरिटी कुणी का करावी? ज्याची यंत्रं इंटरनेटला लागतच नाहीत, ज्याला सर्व्हरबरोबर फोनलाही ओळखपत्र द्यायचं आहे, म्हणजे पासवर्ड चोरला तरी आत येता येऊ नये असं ज्याला वाटतं, त्याने करावी. आणि ज्याला हे आतून कसं चालतं ते बघायचं आहे त्याने. मी तिसऱ्या रांगेतला.

*

रूट बनवायचं ते जुन्या लॅपटॉपवर. त्याचं वाय-फायचं कार्ड स्क्रू काढून बाहेर ठेवलं, नेटवर्कची वायर लावली नाही, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. ओपनएसएसएल त्यात असतंच. आधी प्रायव्हेट की, मग त्या कीनेच सही केलेलं रूटचं सर्टिफिकेट, मुदत दहा वर्षं. मग दुसरी की आणि तिच्यासाठी ‘इंटरमीजिएट’ सर्टिफिकेट, ज्यावर रूटची सही. रोजचं काम हे मधलं करतं. ते रास्पबेरी पायवर राहतं आणि त्याच्या आधाराने स्टेप-सीए नावाचा प्रोग्रॅम घरातल्या यंत्रांना आपोआप सर्टिफिकेटं वाटतो. रूट मात्र एकदा सही करून झोपी जातं. उद्या पायमधून मधली की चोरीला गेली तर रूट उठवायचं, नवा मधला नेमायचा. लोकांच्या फोनला हात लावावा लागत नाही.

मराठी दप्तरांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. प्रतिनिधींचा मुतालिक त्यांच्या वतीने कारभार करी आणि शिक्का चालवी, पण अधिकार वरून आलेला असे. मुतालिक बदलला तरी प्रतिनिधी राहतात.

रूटची की सहा शब्दांच्या पासफ्रेजखाली बंद करून दोन पेनड्राइव्हवर घेतली. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातला मजकूर जाऊ शकतो, म्हणून तीच की कागदावरही छापली. एलिप्टिक कर्व्हची की असल्याने मजकूर जेमतेम काही ओळींचा होतो. एक पेनड्राइव्ह आणि कागद आईच्या लोखंडी कपाटात, शेताच्या खरेदीखतांच्या फाइलमध्ये. दुसरा संच धुळ्याला.

फाइल कपाटात ठेवताना आईने विचारलं, “हे हरवलं तर?”

“दुसरं बनवायचं, सगळ्यांच्या फोनमध्ये परत टाकायचं.”

“आणि कुणी नेलं तर?”

हा प्रश्न अर्ध्याअधिक संगणकवाल्यांना सुचत नाही. घरची अथॉरिटी करायला निघालेला माणूस लाल फुली घालवण्याच्या नादात असतो. पण रूट ज्याच्या हाती, तो फक्त ‘फोटो’ आणि ‘कॅमेरा’ यांचीच सर्टिफिकेटं बनवू शकतो असं नाही. स्टेट बँकेच्या नावाचं बनवू शकतो, जीमेलचं बनवू शकतो, आणि ज्या ज्या फोनमध्ये ते रूट बसवलं आहे त्यातला ब्राउझर ते निमूटपणे खरं मानेल. वहिनीच्या फोनकडे आपण मागतो फोटोपुरती परवानगी, आणि तिच्याकडून घेतो आख्ख्या इंटरनेटचं मुखत्यारपत्र.

*

ही भीती कागदावरची नाही. तिचा सगळ्यात मोठा देशी दाखला २०१४ सालचा आहे. २ जुलै २०१४ रोजी गूगलला कळलं की त्यांच्या डोमेनची काही सर्टिफिकेटं त्यांनी न मागताच बाहेर फिरत आहेत. ती दिली होती एनआयसीच्या इंटरमीजिएटने, आणि एनआयसीच्या वर होते आपले सीसीए. सीसीएचं रूट तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवरचे इंटरनेट एक्सप्लोरर आणि क्रोम ती सर्टिफिकेटं खरी मानत. फायरफॉक्सची यादी स्वतःची, तिच्यात हे रूट नव्हतं, तो वाचला. सीसीएने दुसऱ्याच दिवशी, ३ जुलैला, एनआयसीची इंटरमीजिएट रद्द केली. चौकशीत त्यांनी सांगितलं की एनआयसीची सर्टिफिकेट देण्याची प्रक्रिया भेदली गेली होती आणि चुकीची सर्टिफिकेटं चार होती: तीन गूगलच्या डोमेनची, एक याहूच्या. गूगलने म्हटलं, आम्हाला याखेरीजही माहीत आहेत. मायक्रोसॉफ्टने १० जुलैला एकूण ४५ सर्टिफिकेटं बाद ठरवली.

पण मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटते ती गूगलची पुढची कृती. त्यांनी सीसीएला यादीतून हाकललं नाही, त्याला कुंपण घातलं. यापुढे क्रोममध्ये भारताचं हे रूट फक्त गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन आणि आणखी मोजक्या, मिळून सात डोमेनपुरतंच मानलं जाईल. ज्याचा जेवढा गाव, तेवढीच त्याची सही चालणार.

इतरांचं इतकं हलक्यावर निभावलं नाही. डिजिनोटार ही डच कंपनी २०११ च्या उन्हाळ्यात फोडली गेली, पाचशेवर खोटी सर्टिफिकेटं निघाली, त्यातलं गूगलचं एक वापरून इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर नजर ठेवली गेली. सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. २०१५ मध्ये लेनोव्होच्या लॅपटॉपांत जाहिरातींसाठी सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर आधीच टाकलेलं असल्याचं उघड झालं. त्याने लॅपटॉपमध्ये स्वतःचं रूट बसवलं होतं, प्रत्येक लॅपटॉपमध्ये कीसुद्धा एकच, आणि तिचा पासवर्ड कुणीतरी बसल्या बैठकीला शोधून काढला. कझाकस्तानने तर २०१९ मध्ये नागरिकांनाच सांगितलं की सरकारी रूट फोनमध्ये बसवा. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि अ‍ॅपलने ते रूट थेट अडवलं. ही सगळी मंडळी आणि जिन्याखाली रास्पबेरी पाय ठेवणारा मी, आमच्यात तांत्रिक फरक काहीही नाही. माझ्याकडचं आमिष लहान आहे, इतकंच.

म्हणून कुंपण आधीच घालून घ्यायचं. सर्टिफिकेटमध्ये ‘नेम कन्स्ट्रेंट्स’ नावाचा रकाना असतो. रूट बनवतानाच त्यात लिहायचं की याची सही अमुक नावांपुरतीच चालेल. आम्ही घरच्या यंत्रांना ‘होम डॉट आर्पा’ या शेपटीची नावं दिली आहेत. २०१८ मध्ये आरएफसी ८३७५ ने ही शेपटी खास घरच्या नेटवर्कसाठी राखून ठेवली, ती बाहेर कुणाला मिळत नाही. २०२४ मध्ये आयकॅनने ‘डॉट इंटर्नल’ही अशीच राखीव केली, आणि ती दिसायलाही बरी आहे. ‘डॉट लोकल’ मात्र टाळावं, ते दुसऱ्याच कामाला लागलेलं आहे. तर आमच्या रूटमध्ये लिहिलं आहे: होम डॉट आर्पा आणि घरचे आयपी पत्ते, बस्स. आयपीचं वेगळं लिहावं लागतं, कारण ज्या प्रकारच्या नावाबद्दल आपण गप्प बसतो त्या प्रकाराला हा रकाना मोकळं रान देतो. आणि तोच मजकूर इंटरमीजिएटमध्येही परत लिहायचा. काही जुने प्रोग्रॅम रूटमधलं कुंपण वाचत नाहीत, मधलं वाचतात. इंटरनेटवर उतरवून घ्यायच्या तयार नुसख्यांत ही ओळ बहुधा नसते. जे ती गाळतात त्यांच्या नुसख्याने घरच्यांच्या फोनमध्ये काही बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

*

आता वाटप. संगणकावर रूट बसवणं सोपं. आयफोनवर प्रोफाइल बसवलं तरी काम होत नाही. ‘जनरल’मध्ये ‘अबाउट’, त्याच्या तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’, तिथलं बटण वेगळं चालू करावं लागतं. शिवाय अ‍ॅपल म्हणतं की घरच्या रूटने दिलेलं सर्टिफिकेटही ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीचं चालणार नाही. अँड्रॉइड बसवताना धमकावतो, आणि बसवल्यावर तुमच्या नेटवर्कवर कुणी लक्ष ठेवत असेल अशी आठवण करून देतो. खोटं बोलत नाही तो. त्यातही २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅप्स, त्यांच्या कर्त्याने मुद्दाम परवानगी दिली नसेल तर, आपण टाकलेल्या रूटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ब्राउझरमध्ये हिरवं, अ‍ॅपमध्ये लाल, असा तमाशा होतो. टीव्हीचं तर बोलायलाच नको. त्यात रूट टाकायची सोयच नाही, तो बिचारा अजून साध्या एचटीटीपीवर जेलीफिन बघतो.

दादाला रूट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. पण पाठवलेली फाइल आणि पोचलेली फाइल एकच कशावरून? नवं रूट बसवायचा हा एकच क्षण असा असतो की ज्यात फसवणूक झाली तर नंतर ती पकडायला काही साधन उरत नाही. म्हणून त्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा फोनवर वाचून ताडून पाहायचा. ६४ अक्षरं असतात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ.

“चार, बी, शून्य, सात.”

“बी का डी?”

“बी. बटाट्यातला.”

“हां. शून्य, सात. पुढे?”

“डी, डब्यातला. एक, नऊ, एफ.”

बोलणारा दादाच आहे हे त्याच्या आवाजावरून, आणि मधेच वहिनीला चहा ठेवायला सांगितलं त्यावरून, मला पक्कं ठाऊक. सीसीएचा ठसा असा फोनवर ताडून घ्यायची सोय ऑनलाइन सेंटरवाल्याला नाही. तो पीडीएफबरोबर आलेलंच नाव निवडतो आणि त्यालाच विश्वासू ठरवतो. म्हणजे ज्याची ओळख पटवायची, त्यानेच आपला साक्षीदार बरोबर आणलेला.

वहिनीने मात्र आपल्या फोनमध्ये रूट बसवू द्यायला नकार दिला. अँड्रॉइडची धमकी तिने नीट वाचली होती. याच फोनवर तिचं गूगल पे, बँक, बचत गटाचं खातं. कुंपणाचं सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली की ते कुंपण तुम्हीच घातलं ना, मग? या युक्तिवादाला उत्तर नाही. तिच्यासाठी घरात एक जुना टॅब आहे, त्यात रूट टाकलं. फोटो ती त्याच्यावर बघते.

*

बाहेरच्या जगात सर्टिफिकेटांच्या मुदती आखूड होत चालल्या आहेत. एके काळी पाच-पाच वर्षांची मिळत. ब्राउझरवाले आणि अथॉरिट्या यांच्या सामाईक मंचाने २०२५ मध्ये ठरवलं की ३९८ दिवसांची मुदत १५ मार्च २०२६ पासून २००, पुढच्या वर्षी त्याच तारखेला १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणायची. कारण उघड आहे: रद्द झालेल्या सर्टिफिकेटची वार्ता फोनपर्यंत पोचेलच याची खात्री नसते, त्यापेक्षा ते आपोआप लवकर मेलेलं बरं. स्टेप-सीए तर याहून कडक. काही सांगितलं नाही तर ते २४ तासांचं सर्टिफिकेट देतं आणि यंत्रांनी रोज नवं मागून घ्यावं अशी अपेक्षा करतं.

कागदावर उत्तम आहे. पण हा हिशेब करणाऱ्यांनी जूनमधलं वादळ आणि खानदेशातली वीज पाहिलेली नसावी. वीज रात्रभर गेली, इन्व्हर्टर दमला, सकाळी सगळं उठतं तर सगळ्यांच्या मुदती संपलेल्या. त्यात रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत आत घड्याळच नाही. वीज जाण्याआधी शेवटची जी वेळ टिपून ठेवली तिथूनच तो उठल्यावर मोजायला लागतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत कालच्या रात्रीतच असतो. राउटर त्याच्यानंतर उठला तर मधल्या काही मिनिटांत पाय सर्टिफिकेटांकडे बघून म्हणतो, ‘हे अजून सुरूच झालेलं नाही.’ लॉगमध्ये ही ओळ बघून माणूस चक्रावतो: सर्टिफिकेट संपलंय की उगवायचंय? उपाय साधे आहेत. नाण्याएवढ्या सेलवर चालणारं घड्याळ पायच्या पिनांवर बसवायचं, पाचव्या पिढीच्या पायमध्ये घड्याळ आहेच, फक्त बॅटरी जोडायची. मुदत २४ तासांऐवजी महिनाभराची ठेवायची, आणि दोन-तृतीयांश मुदत उलटली की नवं मागायचं. म्हणजे वीज सलग आठवडाभर गेली तरी गाडी चालू.

*

धुळ्याला गेलो की राजवाडे संशोधन मंडळात एक चक्कर होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि त्यांच्या मागे, १९२७ मध्ये, हे मंडळ उभं राहिलं. गावोगाव पायपीट करून त्यांनी दप्तरं गोळा केली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. त्यांच्या काळापासून या क्षेत्रात बनावट कागदांचा बाजार जोरात आहे; वतनाच्या भांडणात आजोबांच्या नावाचं पत्र ‘सापडणं’ ही जुनी कला. जाणकार माणूस अशा कागदावर शिक्का आहे की नाही एवढ्यावर थांबत नाही. हाच शिक्का वाद नसलेल्या दुसऱ्या कागदांवर कसा उमटला आहे, मोर्तब मजकुराच्या शेवटी आहे की नंतर दोन ओळी घुसवल्या आहेत, हे तो पाहतो. कस लागतो तो बघणाऱ्याच्या संग्रहात असलेल्या नमुन्यावर. नमुनाच खोटा निघाला, तर पुढचं सगळं शास्त्र खोट्याच्या सेवेला लागतं.

सातबाऱ्याची गंमत याच्या उलट. महाभूमीवर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, त्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं की सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, आणि १६ आकडी क्रमांक घालून कुणीही तो पडताळू शकतो. तरी तो घेऊन गेलं की पलीकडचा माणूस विचारतो, गोल शिक्का कुठाय? नमुना त्याच्या डोक्यात आहे, आणि तो गोल आहे.

या वर्षी दादाचा मुलगा, तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणाला की धुळ्याच्या यंत्रांची सर्टिफिकेटं तो स्वतः देणार. लॅपटॉप काढला, रूट उठवलं, त्याला त्याचं इंटरमीजिएट दिलं: धुळे डॉट होम डॉट आर्पा आणि देवपुरातले आयपी पत्ते, त्याच्या खाली आणखी कुणी अथॉरिटी नेमायची नाही, मुदत एक वर्ष. पोराने त्याच रात्री त्यावरून गूगल डॉट कॉमचं सर्टिफिकेट बनवलं आणि आपल्याच लॅपटॉपवर चालवून पाहिलं. फायरफॉक्सने ते नावांच्या हद्दीबाहेर म्हणून नाकारलं. मग त्याने जळगावच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं बनवून पाहिलं, तेही नाकारलं. दोन्हींचे फोटो काढून मला पाठवले, खाली नुसता अंगठा.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. “काका, मुदत एकच वर्ष का पण?”

म्हटलं, पुढच्या दिवाळीला ये, लॅपटॉप तेव्हाच निघतो. आणि येताना तुमच्याकडचा पेनड्राइव्ह आणि कागद दोन्ही घेऊन ये, वाचता येतात का ते आधी बघू, मग सही करू.